एकाच पंखाची पिसं

नाही हो सर, बांबू सरळच आहे — बोटांत फिरवून बघा ना, कुठे वाकलाय? बाण बाजूला जातात ते पिसांमुळे. पीस टर्कीचंच आहे, नाताळात क्रॉफर्ड मार्केटातून आणतो आम्ही — कोंबडीचं मऊ पडतं, बाणाला धरत नाही. पण डाव्या पंखाचं पीस इकडे वळतं, उजव्याचं तिकडे, दिसतंय? एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात. आणि तुम्ही परत आणलेत त्या सगळ्या बाणांत दोन्हीकडची मिसळून गेलीत. — बसा ना, उभे का? हे खाली दळणाला गेलेत, येतील इतक्यात. त्यांच्यासमोर हा विषय नको, म्हणून आत्ताच सांगते.

त्यांची चूक आहे असं नाही म्हणत मी — म्हणजे आहे, पण कशी झाली ते ऐका. मिलमध्ये साच्यावर होते ते, कापड विणायला. तुटलेला धागा लांबून दिसायचा. नजर बघावी ती धर्माभाऊंची, असं म्हणायची सगळी चाळ. मग संप झाला. तो मोडला नाही की मिटला नाही, आमच्यासाठी गेट काही परत उघडलं नाही. माणूस नुसता गॅलरीत बसून असायचा, भोंगा वाजेल म्हणून. तुमच्या क्लबातले श्यामकांतसाहेब एकदा मोडके बाण घेऊन आले — हे तरुणपणी व्यायामशाळेत धनुष्य चालवायचे, ते त्यांना ठाऊक. एक बाण नीट करून दिला, आणि त्या दिवशी हे पोटभर जेवले. तेव्हापासून हेच काम.

पुढे साखर निघाली, डोळ्यांवर उतरली. पीस अगदी नाकाशी धरतात, कडेवरून बोट फिरवतात, तरी चुकतात. ते कधी बोलले नाहीत, मी कधी विचारलं नाही. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी पिसं निवडून डाव्याचा नि उजव्याचा असे दोन्ही डबे नीट लावायची, चिकटवलेलं चुकलं असलं तर सोडवून परत लावायची. गेल्या वर्षी तुमच्या क्लबातल्या मुलींनी पदकं आणली, तुम्ही इथे येऊन ह्यांची पाठ थोपटलीत ना? — ती पिसं मी लावलेली. हे बोलायचं नव्हतं मला. आणि हे बिघडलेले बाण — मी लेकीच्या बाळंतपणाला वडाळ्याला होते, तेव्हा त्यांनी एकट्यांनी केलेले.

काय म्हणालात? ऑर्डर माझ्या नावावर? — नको, सर. काल रात्री त्यांनी दोन्ही डबे माझ्यापुढे सरकवले. म्हणाले, "मंजुळा, तूच निवड. मला आता जमत नाही." एवढंच. भिंतीकडे तोंड करून पडले, जेवायलाही उठले नाहीत. संपात सगळं गेलं, घरात दाणा नव्हता, तेव्हासुद्धा जमत नाही असं म्हणाले नव्हते हो. मी निवडीन, सर, एकही चुकायचं नाही — पण पिसांवरून दोरा गुंडाळायला त्यांचाच हात लागतो, तो अजून पक्का आहे. ऑर्डर त्यांनाच द्या. क्लबानं बंद केलं तर हे परत त्या गॅलरीत —

थांबा. जिन्यावर तेच आहेत. बाण द्या इकडे, खाटेखाली सारते. — अहो, सर आलेत. हे काय, तुमच्या समोरच बसलेत, खुर्चीवर. स्पर्धेसाठी नवे बाण हवेत म्हणतात, तुमच्याच हातचे. — सांगा ना, सर.