अडखळलेलं बोट

अण्णासाहेब : तुझ्या कॉम्प्युटरचं बटण अडकतंय. चाचणी परत लाव.

अंजली : तिसऱ्यांदा लावलं, अण्णा. आधी चष्म्याला दोष दिलात, आता बटणाला. निकाल तोच येतोय.

अण्णासाहेब : मग परीक्षाच खोटी आहे. कॉलेजात हेच शिकवतात होय तुम्हाला?

प्रभावती : (भाजी निवडायची थांबवून) काय झालं गं? का चिडलेत तुझे वडील?

अंजली : माझ्या सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टची चाचणी आहे, आई. स्क्रीनवर एखादं आडनाव येतं नाहीतर शब्द येतो. विचार न करता डावं किंवा उजवं बटण दाबायचं. आधी जोशी, कुलकर्णी आणि 'हुशार', 'तरबेज' यांना एकच बटण. मग उलटं. साळवे, ओव्हाळ आणि 'हुशार' एका बटणावर. बोट कुठं अडखळतं तेवढं कॉम्प्युटर मोजतो.

प्रभावती : मग यांचं कुठं अडखळलं?

अंजली : आपल्याच आडनावांना हुशार म्हणताना.

प्रभावती : यांचं? ह्या ओव्हाळांचं?

अण्णासाहेब : तेच म्हणतोय मी. कंपनीत कुणी नुसतं नाव विचारलं तरी आडनावासकट सांगायचो, मान वर करून. तुम्हा पोरांना बजावलं, आडनाव झाकायचं नाही. आणि हे डबडं मला शिकवणार?

अंजली : तुम्ही वाईट आहात असं नाही म्हणत ते. जन्मभर चारी बाजूंनी जे ऐकलं ते आत जाऊन बसतं. माझंही तसंच आलं, अण्णा. मला वर्गातच रडू आलं.

अण्णासाहेब : बसलं असेल आत. वागताना मी तसा कधी वागलो नाही.

अंजली : मग आईचं ऑपरेशन का रद्द केलंत?

अण्णासाहेब : त्याचा इथं काय संबंध?

अंजली : पित्ताशयातले खडे काढायचे होते. गुरुवारी, थेरगावच्या हॉस्पिटलात, साळव्यांचा समाधानदादा करणार होता. काल तुम्ही त्याला फोन करून नको म्हणालात.

अण्णासाहेब : अगं, पोट फाडायचं काम आहे. पुण्याचे डॉक्टर कुलकर्णी मोठे आहेत, त्यांचा हात बसलाय. समाधान अजून नवा आहे.

अंजली : रोज हीच ऑपरेशनं करतो तो. बघा, ते डॉक्टर कुलकर्णी आणि हा नुसता समाधान. तुम्ही भेटलात कुलकर्णींना?

अण्णासाहेब : नाही. ऐकून आहे.

अंजली : काय ऐकलंय?

अण्णासाहेब : ते आमच्या कंपनीतले सयाजीराव म्हणाले, पुण्यात कुलकर्णी म्हणून एक आहेत.

अंजली : आणि?

अण्णासाहेब : आणि... एवढंच. पुढं मी काही विचारलंच नाही.

प्रभावती : आवं, समाधान मेडिकलला लागला तवा विहारात त्याला हार कुणी घातला? तुमीच की. आजून टीव्हीच्या वर हाय फोटो. आपल्या माणसांच्या नाडीवर आता आपल्या माणसाचा हात येणार, म्हणून भाषण केलंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णासाहेब : हो. भाषण माझंच, आणि कालचा फोनही. मी केलं हे? मी?

प्रभावती : एकट्यानं न्हाई केलं. पुण्याला जायचं म्हटल्यावर मला बी बरं वाटलं. कोण डॉक्टर, कसला, काय बी विचारलं न्हाई मी.

अंजली : आई, तू पण?

प्रभावती : आन मी तर बटण बी दाबलं न्हाई.

अण्णासाहेब : फोन दे इकडं. लाव समाधानला. सगळ्यांना ऐकू येऊ दे.

समाधान : (फोनवर) जय भीम, काका. काकूंचं दुखतंय का पुन्हा?

अण्णासाहेब : जय भीम. तिचं बरं आहे. समाधान, काल मी म्हणालो ना, नातेवाइकांनी पुण्याचं ठरवलं? ते खोटं होतं. मीच ठरवलं. तू साळवे आहेस म्हणून. आत्ता कळलं मला.

समाधान : मला कालच कळलं होतं, काका.

अण्णासाहेब : मग बोलला का नाहीस?

समाधान : काय बोलू? इथं बाकी सगळे पेशंट येतात. आपली माणसं तपासून घेतात, आशीर्वाद देतात, आणि ऑपरेशनला पुण्याला जातात. माझ्या आईलाही खडेच होते. ती आमच्या हॉस्पिटलात थांबली नाही.

अण्णासाहेब : तुझी आई?

समाधान : हो. मीच पुण्याला सोडून आलो गाडीनं.

प्रभावती : द्या तो फोन माझ्याकडं. डॉक्टरसाहेब, गुरुवारी उपाशीपोटी कधी यायचं, तेवढं सांगा.