सेठजींसमोर मराठीत

विद्याधर : ताई, लाल दिवा दिसत होता ना तुम्हाला?

प्रमोदिनी : दिसत होता की. चांगला लखलखत होता. आपल्या रेडिओ पहूजमध्ये तेवढी एकच वस्तू धड चालते.

विद्याधर : दिवा लागला म्हणजे माईक चालू. माईक चालू म्हणजे आवाज झाशीभर. पाच वर्षं निवेदन करताय, हे मी तुम्हाला सांगायचं?

प्रमोदिनी : माहीत आहे रे. पण मी मराठीत बोलले ना!

विद्याधर : मग?

प्रमोदिनी : मग काय मग? लहानपणापासून आईनं तेच शिकवलं. दुकानदार समोर असो, पाहुणा असो, डॉक्टर असो, वरवरचं हिंदीत बोलायचं आणि मनातलं मराठीत. कुणाला कळत नाही. जिभेला वळणच पडलंय ते. मराठीत बोलले की मला वाटतं, मी बोललेच नाही. आणि मला एकटीला कसला झापतोस? सुरुवात कुणी केली?

विद्याधर : मी फक्त म्हटलं, यांना आवरा.

प्रमोदिनी : फक्त? ‘ताई, याला आवरा, मघापासून बोलतोय आणि अजून स्वतःच्या मुंडनापर्यंतच आलाय, लग्न व्हायचंय याचं.’ हे माझ्या तोंडचं आहे का? आणि पुढे? ‘तरी हसत राहा, यानं जाहिरात काढली तर एक तारखेला आपल्याला कुलूप.’ तूच म्हणालास. सेठ मथुराप्रसादांच्या शेजारी बसून, माईकच्या तोंडाशी.

विद्याधर : मला वाटलं, मी हळू बोललो.

प्रमोदिनी : हळू! भिंतींना रजया ठोकल्यात आपण, ते बाहेरचे कुत्रे आत ऐकू येऊ नयेत म्हणून. आतलं सगळं खणखणीत बाहेर जातं.

विद्याधर : माझं एक वेळ निभावलं असतं. तुम्ही पापडावर कशाला गेलात?

प्रमोदिनी : मी गेले? त्यांनीच माझ्या हातात पापड दिला. ‘बाई साब, खाकर बताइए श्रोताओं को.’ खाल्ला. ‘वाह सेठजी, क्या बात है’ असं हिंदीत म्हटलं. आणि तुझ्याकडे वळून खरं काय ते सांगितलं.

विद्याधर : काय सांगितलंत, आठवतंय?

प्रमोदिनी : शब्दन्‌शब्द. ‘अम्मा गेली आणि चव घेऊन गेली. हिंगाचा पत्ता नाही. हा नुसता आईचा फोटो पाकिटावर छापून खपवतोय.’

विद्याधर : ताई, कोचिंगवाले गेले, साडीवाले गेले, तो इन्व्हर्टरवाला तर जाताना आपला इन्व्हर्टरही घेऊन गेला. अम्मा छाप पापड हा आपला शेवटचा जाहिरातदार. तो गेला की स्टेशन चालवणारे ट्रस्टवाले कुलूप लावायला एक दिवस थांबणार नाहीत. थांबा, फोन. हॅलो, रेडिओ पहूज. हो वहिनी... हो, चालू होता... नाही हो, मुद्दाम कशाला करू... सांगतो. नमस्कार, नमस्कार.

प्रमोदिनी : कोण रे?

विद्याधर : कमलिनी वहिनी. म्हणाल्या, प्रमोदिनीताईंना सांगा, हिंगाचं अगदी माझ्या मनातलं बोलल्या. त्यांच्याआधी इथल्या प्रेम नगरातले केशवराव. ते म्हणाले, मुंडन झकास, लग्नाचं कधी लावताय? सकाळपासून फोन खाली ठेवू देत नाहीत.

प्रमोदिनी : म्हणजे ऐकतात?

विद्याधर : ताई, हसू नका, प्लीज.

प्रमोदिनी : हसत नाहीये मी. रविवारचा मराठी अर्धा तास पाच वर्षं करतेय. डोहाळजेवणाची गाणी म्हटली, सांबाऱ्याची कृती सांगितली, गुरसराय गावच्या आत्यांना बसनं आणून त्यांच्या तोंडून जुन्या गोष्टी ऐकवल्या. कुणाचा एक फोन नाही. घरी जाताना वाटायचं, आजही रजयांनाच ऐकवून आले. आणि आज सेठच्या पापडाला नावं ठेवली तर सगळी मंडळी हजर! मला बरं वाटलं, विद्याधर. खोटं कशाला बोलू?

विद्याधर : बरं वाटून घ्या, पण लवकर. सेठजी मानिक चौकातल्या दुकानातून निघालेत. त्यांच्या मुनीमजींचा फोन होता. ‘सेठजी आ रहे हैं, बात करनी है.’ एवढंच बोलले.

प्रमोदिनी : येऊ देत. चहा सांग.

विद्याधर : चहा काय चहा! ऐका नीट. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं दिसतंय. पण नक्की काय बोललो ते त्यांना कळणं शक्य नाही. मी हिंदीत सगळं गोड करून सांगतो. तुम्ही नुसती मान हलवा.

प्रमोदिनी : मान मी हलवणार नाही. फोटोचं बोलले ते चुकलंच माझं, गेलेल्या बाईला मध्ये आणायला नको होतं. त्याची माफी मागेन. पापडाची नाही मागणार. पापड वाईटच आहे.

विद्याधर : ताई, तुमच्या पाया पडतो. आलेच ते. आइए, आइए सेठजी! विराजिए!

सेठजी : राम-राम. जीना बहुत ऊँचा है, भैया.

विद्याधर : जी, ऊँचाई पर सिग्नल अच्छा मिलता है. और सेठजी, सवेरे का प्रोग्राम एकदम हिट! फोन पे फोन!

सेठजी : हओ, हमें भी आए. एक बात पूछनी थी. हम बोल रहे थे, तब बीच में आप दोनों मराठी में कछु बतिया रहे थे.

विद्याधर : वो? वो तारीफ थी, सेठजी! ताई कह रही थीं, अम्माजी की फोटो कितनी सुंदर छपी है. देखते ही याद आ जाती है.

सेठजी : अच्छा. और हींग?

विद्याधर : हींग? हींग का तो... ऐसी खुशबू, सेठजी, ऐसी खुशबू, कि पता ही नहीं चलता कहाँ से आ रही है.

सेठजी : वाह. और वो मुंडन?

विद्याधर : मुंडन... मतलब आपके पोते का जब भी हो, रेडियो पहूज से सीधा प्रसारण करेंगे. हमारी तरफ से.

प्रमोदिनी : विद्याधर, पुरे कर. माझ्याच्यानं ऐकवत नाही.

सेठजी : बोलू द्या हो त्याला, बाई साब. चांगला जमतोय.

(विद्याधर मटकन रिकाम्या खुर्चीत बसतो. खुर्ची करकरते.)

विद्याधर : सेठजी, तुम्हाला... आपको मराठी...

सेठजी : मानिक चौकात दुकान आहे आपली, भैया. एवढासा होतो, तेव्हापासून गद्दीवर बसतो. तुमच्या घरच्या बायका येतात. मला म्हणतात, ‘सेठजी, माल तो बढ़िया है.’ आणि लेकीला म्हणतात, ‘याचं वजन बघ. पुढच्या दुकानात चल.’ ‘पुढच्या दुकानात चल.’ सगळ्यात पहिली मराठी मी हीच शिकलो.

प्रमोदिनी : आणि इतकी वर्षं कधी बोलला नाहीत?

सेठजी : काहे को बोलूँ? बोललो असतो, तर तुम्ही माझ्यासमोर बोलणं बंद केलं असतं. अकेला मैं नहीं, बाई साब. कपडेवाला, भांडेवाला, सराफ... आधा मानिक चौक समझता है. कोई बताता नहीं.

प्रमोदिनी : अग बाई! म्हणजे आई, आजी, मी, आमच्या सगळ्या सात पिढ्या...

सेठजी : हओ. सगळ्यांचं ऐकलं आम्ही.

विद्याधर : म्हणजे सकाळी तुम्ही इथंच बसून सगळं... आणि तरी बोलत राहिलात?

सेठजी : बोलत राहिलो. लग्नापर्यंत तर पोचायचं होतं.

विद्याधर : सेठजी, माझी चूक झाली. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण स्टेशनवर राग काढू नका.

सेठजी : एक काम करा. ती जाहिरात आहे ना आमची, ‘अम्मा के हाथ का स्वाद, शुद्ध हींग के साथ’. ती आजपासून बंद.

विद्याधर : सेठजी...

सेठजी : बंद म्हणजे बंद. झूठ है वो.

प्रमोदिनी : सेठजी, आता माझं ऐका. अम्मांचं नाव मी घ्यायला नको होतं. फोटोचं बोलले ते वाईट बोलले, मला माफ करा. पण पापडाबद्दल जे म्हटलं ते तसंच आहे. जाहिरात ठेवा की काढा, मी शब्द मागे घेणार नाही.

सेठजी : घेऊ नका. मी तर घरी आमचा पापड खातच नाही. बाई साब, अम्माचं तुम्हाला एक सांगतो. ती परदे के पीछे बसायची, दुकानाच्या मागच्या खोलीत. तिला मराठी कळायची नाही. संध्याकाळी मला विचारायची, ‘काए रे, आज मराठी बाइयाँ का बोलीं?’ मी सांगायचो. मीठ जास्त म्हणाल्या. मिरी कमी म्हणाल्या. हिंग कुठं गेला, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पीठ बदललेलं असायचं. लोग कहते थे, अम्मा के हाथ में जादू है.

प्रमोदिनी : आणि जादू आमच्या बायकांच्या तोंडात होती!

सेठजी : हओ. अम्मा गेली. मशीन आणली. मला विचारणारं कोणी राहिलं नाही, मी पण ऐकणं सोडलं. सामने तो सब वाह-वाह ही करते हैं. माझी सून, मुनीम, हे तुमचे विद्याधरजी, सगळे. हिंदीत सगळेच माझी तारीफ करतात. खरं मला फक्त मराठीत ऐकायला मिळतं. आज सवेरे इथं बसलो होतो, तुम्ही हिंगाचं बोललात, और सच कहूँ, मला वाटलं, आता मागून अम्मा विचारेल, काय बोलल्या रे?

प्रमोदिनी : बसा हो सेठजी. पाणी घ्या. विद्याधर, पाणी दे त्यांना, नुसता बघत काय बसलास.

विद्याधर : हो, हो. देतो. सेठजी, म्हणजे आता... स्टेशनचं?

सेठजी : जाहिरात बंद. त्याच्या जागी तुमचा तो मराठी अर्धा घंटा आमच्याकडून. पूरे साल. हफ्ते में एक बार नाही, रोज.

विद्याधर : रोज! ताई, ऐकलंत? रोज!

प्रमोदिनी : ऐकलं. माझे कान शाबूत आहेत. सेठजी, अट काय तुमची?

सेठजी : मी हातानं लाटलेले पापड पुन्हा सुरू करतो. दर घाण्यातला पहिला पापड इथं पाठवणार. तुम्ही माईकवर खायचा आणि मराठीत सांगायचं.

प्रमोदिनी : आणि वाईट लागला तर?

सेठजी : तो वाईट म्हणा.

प्रमोदिनी : तुमच्याच खर्चानं तुमच्या पापडाला नावं ठेवू?

सेठजी : आज तक मुफ्त में रख रही थीं ना?

विद्याधर : ताई, मान हलवा. या वेळी तरी हलवा!

प्रमोदिनी : या वेळी हलवते. पण माझीही एक अट आहे. तुम्ही नुसतं ऐकून घ्यायचं नाही, उत्तर द्यायचं. तेही मराठीत. इतकी वर्षं आमचं चोरून ऐकलंत, आता आमच्या बायकांनाही तुमचं ऐकू द्या.

सेठजी : मी? नाही नाही, बाई साब. माझी मराठी दुकानातली आहे. गालियों वाली.

प्रमोदिनी : तीच हवी. विद्याधर, संध्याकाळी सहाचं प्रसारण सुरू करायची वेळ झाली ना?

विद्याधर : झालीच. पंखा बंद करतो. सेठजी, या खुर्चीवर नको, ती करकरते. तिकडे बसा. तोंड माईकच्या जरा बाजूला. ताई, दिवा लागला. बोला.

प्रमोदिनी : नमस्कार मंडळी. हे रेडिओ पहूज. सकाळी आमच्याकडून काही गोष्टी बोलून गेल्या. आम्हाला वाटलं, कुणाला कळत नाही. तुम्हाला सगळ्यांना कळल्या, हे आम्हाला कळलं. फार बरं वाटलं. आता ज्यांच्याबद्दल बोललो ते सेठजी इथंच बसलेत, आणि आपल्याशी आपल्या भाषेत बोलणार आहेत. बोला, सेठजी.

सेठजी : का बोलें?

विद्याधर : सेठजी, माईक चालू आहे.

सेठजी : हओ. नमस्कार. पापड बरा नाही. मला माहीत आहे. करतो मी काहीतरी. पण तुम्ही... पुढच्या दुकानात जाऊ नका. जरा थांबा.