कॉमेंट्रीची राहिलेली वीस मिनिटं

कामरान : पुसून टाक तो शॉट. आत्ता, माझ्यासमोर.

गणराज : वेडा झालास? तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी खरं मिळालंय. ओठ बघ कसा थरथरतोय.

कामरान : बघितला. मोबाइल माझ्याच हातात होता. किळस आली राव. तुझी पण, माझी पण.

गणराज : सीनच तसा आहे ना! आईला कळतं, आपलं काम गेलं.

कामरान : ते पिक्चरमधल्या आईला कळायचं होतं. तू आईचं काम करणाऱ्या शालनबाईंना सांगितलंस, "मावशी, उद्यापासून तुमचा गेटपास बंद, ठेकेदारानं नाव काढलंय." त्या कंपनीत तुझ्याच शॉपमध्ये झाडू मारतात, तू सुपरवायझर. त्यांना खोटं कसं वाटेल? आणि मला काय म्हणालास? फोकस बघतोय, नुसता धरून ठेव!

गणराज : त्या पिक्चरच्या कॉमेंट्रीत हेच तर आहे, सीन कसे काढले ते. दिग्दर्शक स्वतः सांगतो, नटीला खोटी बातमी दिली, म्हणून रडणं खरं आलं. चार माणसांत केलेला पिक्चर आहे तो, कामरान.

कामरान : थर्माकोलवरून उजेड पाडायला शिकलास, छान. इथं गॅरेजात अब्बा ज्या ढकलगाडीवर झोपून गाडीखाली जातात, तिच्यावर कॅमेरा फिरवायला शिकलास, तेही छान. ही घाण कशाला शिकलास? कुठं ऐकतोस रे कॉमेंट्री?

गणराज : कंपनीच्या बसमध्ये. पिंपरी ते चाकण.

कामरान : आणि गेट आलं की बंद.

गणराज : मग काय, शिफ्ट बुडवू?

कामरान : मी पूर्ण ऐकली. तुझी वीस मिनिटं राहिलीत. त्यात तो म्हणतो, ती बाई परत माझ्याशी बोलली नाही. म्हणतो, शिकायला ऐकत असाल तर एवढं शिकू नका.

गणराज : ...असं म्हणतो?

कामरान : उद्या बसमध्ये ऐक.

गणराज : पण मी दहा मिनिटांत खरं सांगितलं की त्यांना!

कामरान : त्या दहा मिनिटांत त्यांनी लेकीला फोन केला. नर्सिंगचा फॉर्म भरू नको म्हणाल्या. तू तिकडं क्लिप बघून खूश होत होतास.

(शालनबाई चहाचे ग्लास घेऊन गॅरेजात येतात.)

शालनबाई : भांडू नका लेकरांनो. पोरीला परत फोन केलाय, भर म्हणलं फॉर्म. दाव बरं मला, काय काढलंस.

गणराज : हे बघा, मावशी.

शालनबाई : आगं माय! नाक गळायलंय की माझं. पोरीनं बघू न्हाई असलं. पूस ते.

गणराज : मावशी, शुक्रवारी फेस्टिव्हलला पाठवायचाय. अख्खा पिक्चर या रडण्यावर उभा आहे.

कामरान : अजून तेच! शरम कर जरा.

शालनबाई : थांब रं कामरान. गणराज, पूस, अन् आता मला सांगून घे. रडते की मी.

गणराज : सांगून तसं येत नाही, मावशी.

शालनबाई : का न्हाई यायचं? मागल्या दिवाळीला खराच बंद केला होता माझा पास. महिनाभर गेटाबाहेर बसले, कुणी आत घेतंय का म्हणून. रोज माझ्यासमोरच उतरायचास तू बसमधून, कानात ते घालून.