डाव्या जबड्याखाली

आई: …लाजू नकोस, मान वर कर. बघा डॉक्टर, ही काय साधी पुटकुळी आहे? मी तिकीट तपासनीस आहे. फुकट्या माणूस मला दारातूनच ओळखू येतो. आणि माझ्याच पोटची पोरगी मला सांगते, "मी काही खाल्लं नाही."

डॉक्टर: काय खाल्लं असावं, असा आपला संशय आहे?

आई: चॉकलेट. तळकट. रोज हिच्या रिकाम्या डब्याचा वास घेते मी. तेल तोडलं, दूध तोडलं, येता-जाता साबणाने तोंड धुवायला लावते, वर लिंबू चोळते. तरी वाढतंच आहे. म्हणजे ही बाहेर चरत असणार.

मुलगी: चरायला मी काय गाय आहे?

आई: बघा, जीभ कशी चालते!

डॉक्टर: तळलेल्याने मुरूम येतात, याला धड पुरावा नाही. अति गोडाविषयी थोडाफार आहे. पण तेवढ्यावर कोणाला आरोपी करता येत नाही. आणि मुरूम मळामुळे होत नाहीत. या वयात त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त काम करतात, छिद्रं बुजतात, आत सूज येते. साबण तिथवर पोचत नाही, वरची कातडी मात्र सोलतो. लिंबू आजपासून बंद.

आई: मग अंगात उष्णता असेल.

डॉक्टर: ताप मोजला होता?

आई: ती उष्णता नव्हे हो! आतली.

डॉक्टर: आतली मोजायचं साधन माझ्याकडे नाही. तुम्हाला या वयात मुरूम होते?

आई: मला? …होते. कपाळभर. पण मी काही लपवत नव्हते.

डॉक्टर: हिचे कपाळावरचे बहुधा तुमच्याकडूनच आलेत. त्यांचं मला नवल नाही. दिव्याकडे तोंड कर बाळ. डाव्या जबड्याखालचं हे प्रकरण निराळं आहे.

आई: तेच म्हणतेय मी, प्रकरण! स्पष्टच बोलते. मनात कोणी असलं की तोंडावर फुटतं, हे आमच्या लहानपणापासून ऐकत आलेय. शाळा सुटते कधी, ही उगवते कधी. विचारलं की पायाच्या अंगठ्याकडे बघते. म्हणून ठरवलंय, सोमवारपासून हिची रवानगी मामाकडे. तिथल्या शाळेत.

मुलगी: आई!

डॉक्टर: मनातल्या माणसाला फक्त डावीच बाजू सापडली?

आई: तुम्ही थट्टा करताय.

डॉक्टर: नाही, शंका विचारतोय. आपण जरा बाहेर बसाल? मला हिच्याशी एकटीशी बोलायचं आहे.

(आई बाहेर जाते. दार किलकिलं ठेवते. डॉक्टर उठून ते नीट लावतात.)

डॉक्टर: वाद्य कोणतं?

मुलगी: …काय?

डॉक्टर: नेमक्या याच जागी रोज घासणाऱ्या वस्तू फार थोड्या. कातडी जाड झाली आहे, रंग गडद, भोवती पुटकुळ्या. जबड्याखाली दाबून धरलेलं लाकूड आणि घाम. व्हायोलिन?

मुलगी: हो. आईने बंद केलंय, परीक्षा होईपर्यंत. माझं मावशीच्या कपाटात नेऊन ठेवलं. मी शाळेतलं वाजवते, सुटल्यावर. त्याची हनुवटी टेकायची पट्टी फुटकी आहे, टोचते. शुक्रवारी बाई वाद्यवृंदासाठी निवड करणार आहेत. नका ना सांगू. चॉकलेट होतं म्हणा.

डॉक्टर: चॉकलेट नव्हतं.

मुलगी: एवढं एकच खोटं!

डॉक्टर: त्या एका खोट्यावर तुझी आई पुढची दहा वर्षं डब्याचा वास घेईल. खोटं मी बोलणार नाही. तुझं गुपितही फोडणार नाही. मधली जागा अरुंद आहे, पण मला उभं राहण्यापुरती आहे.

मुलगी: तुम्हाला आहे. मला नाही. ती म्हणेल, मुलगाच आहे. मग सोमवारी मामाकडे.

डॉक्टर: तेवढं मात्र तुलाच सोडवावं लागेल. बोलावू त्यांना?

मुलगी: …बोलवा.

आई: काय, कबूल झाली?

डॉक्टर: जबड्याखालचा डाग दाबामुळे आणि घासल्यामुळे आहे. खाण्याचा संबंध नाही. मलम देतो. घासणं कमी झालं की हळूहळू उतरेल.

आई: घासणं? कशाचं घासणं?

डॉक्टर: ते तिने सांगायचं.

आई: म्हणजे आहे काहीतरी! वाटलंच मला. कोण आहे गं तो?

मुलगी: व्हायोलिन.

आई: मला बनवू नकोस. ते मावशीकडे आहे. परवाच कपाट उघडून बघून आलेय.

मुलगी: शाळेचं. सुटल्यावर. रोज.

आई: आणि सोबतीला कोण असतं?

मुलगी: कोणी नसतं. बाई कुलूप लावायला येईपर्यंत एकटीच. जा, विचार त्यांना.

आई: विचारणारच आहे.

मुलगी: विचार. पण शुक्रवारी निवड आहे, तेवढी होऊ दे. मग पाठव मामाकडे. मी नाही रडणार.

आई: इकडे बघ. मान वर कर. …वाजवताना दुखतं इथे?

मुलगी: दुखतं. शाळेच्या व्हायोलिनची हनुवटीची पट्टी फुटकी आहे, टोचते.

आई: मग?

मुलगी: मग काय. वाजवते.

आई: …डॉक्टर, त्या पट्टीला मऊ कापड गुंडाळलं तर चालतं का हो?