पांढरी चादर आणि चार बोटं

माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, मंचावर बसलेले पाहुणे आणि पंख्याखालच्या जागा धरून बसलेल्या मायबहिणींनो, सगळ्यांना नमस्कार.

आपल्या इस्पितळाच्या फोटोवाल्या बाई आज निवृत्त होताहेत. आधीचे वक्ते त्यांना देवमाणूस म्हणाले. म्हणोत बापडे. मी पहिल्या भेटीत त्यांना आंधळी म्हटलं होतं.

का म्हणाल? माझ्या नातीचा गळा तिच्या नवऱ्याने आवळला होता. जीव वाचला, आवाज गेला. कोर्टात दाखवायला बाईंनी फोटो काढले. बघते तर काय, खाटेवरची पांढरीशुभ्र चादर करडी, आणि पोरीचं तोंड, गळा तव्याच्या बुडासारखा! वळ शोधायचे कुठे?

"दोन-चार दिवसांत वळ विरतील," मी ओरडले. "मग जज्जाला काय माझं कपाळ दाखवू?"

बाई चिडल्या नाहीत. उजेड मोजायचं मीटर पुढे धरून म्हणाल्या, "आजी, चुकले मी. हे यंत्र समोरचं सगळं करडंच आहे असं धरून चालतं. पांढरी चादर दिसली, त्याला वाटलं उजेड फार झाला. त्याचं ऐकून मी कॅमेऱ्यात उजेड कमी घेतला. पोर अंधारात गेली."

"म्हणजे माझ्यासारखंच अडाणी," म्हटलं. "पण मला वळ दिसतात हो."

त्यांनी चादर ओढून काढली, मागे काळपट कांबळं टाकलं. मीटर थेट गळ्यापाशी नेलं, कॅमेऱ्याची चकती फिरवली. तेवढ्यात नातजावई दार लाथाडून आत!

"माझ्या बायकोचे फोटो काढतेस?" म्हणत त्याने पुन्हा पोरीच्या गळ्याकडे हात घातला.

तुम्ही काय केलं असतंत? पळाला असतात. बाईंनी बटण दाबलं. मग मी जेवणाचा स्टीलचा डबा त्याच्या मनगटावर हाणला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. गोड आवाज.

त्या फोटोत गळ्यावर चार निळे वळ, आणि शेजारीच ती चार बोटं. कोर्टात तो बघून त्याच्या वकिलाने कागद गुंडाळले. नातजावई आत गेला. नात आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. घोगरं बोलते, पण मला उलटून बोलते.

बाई, हात धडधाकट आहेत तुमचे, कॅमेरा माळ्यावर टाकू नका.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. डब्याची माफी मात्र मागत नाही. तो अजून वापरते, आणि त्याचा पोचा मी काढून घेतलेला नाही.