तीन प्रती

जबाब देणारी: तक्रारदारांची सख्खी धाकटी बहीण, वय ३६ वर्षे, व्यवसाय संगणक प्रणाली जोडून देणे, राहणार स्कॅन सेंटरच्या मागची गल्ली, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, तक्रारदार माझे थोरले भाऊ असून त्यांची दोन स्कॅन सेंटर आहेत. मी पेशंटचे फोन नंबर चोरले अशी त्यांची तक्रार आहे. नंबर मी घेतले. का घेतले ते दादांनी तक्रारीत सोयीस्करपणे गाळलं आहे, म्हणून ते मी सांगते.

दोन्ही सेंटरचे स्कॅन एका जागी साठवायचे आणि डॉक्टरांना नव्या प्रोग्राममध्ये दिसायला हवेत, असं काम दादांनी मला दिलं. ही साठवण तीन मशीनवर असून प्रत्येक फाइलची प्रत तिन्हींवर राहते. प्रोग्राम आणि साठवण यांच्यामध्ये फाइल वाचणारा व लिहिणारा कनेक्टर लागतो. तो मी बसवला. साठवणीचा पत्ता, युजर, पासवर्ड भरला, वाचायची-लिहायची परवानगी दिली. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर काय करायचं, हेही त्यात ठरवावं लागतं. तिथे मी 'नवी घेऊ नका' असं ठेवलं.

दोन्ही सेंटरनी पेशंटना एकपासून नंबर दिले होते आणि तो नंबर हेच फाइलचं नाव. त्यामुळे दुसऱ्या सेंटरच्या फाइली अडल्या, रिसेप्शनच्या स्क्रीनवर लाल ओळी आल्या. दादा फोनवर डाफरले. मी सांगितलं, प्रत्येक नंबरापुढे सेंटरचं अक्षर लावते, एक दिवस थांबा. पण त्याच दुपारी होऊ घातलेले भागीदार सेंटर बघायला येणार होते. दादा म्हणाले, "तुझं नेहमीचं रडगाणं. तीन-तीन प्रती आहेत ना? एक पुसली तर काय आभाळ कोसळतंय?" मी म्हटलं की तिन्ही प्रती एकाच फाइलच्या असतात, वरून दुसरी लिहिली की तिन्ही जातात. त्यांनी फोन आपटला आणि रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर स्वतः बसून कनेक्टरमधलं 'नवी घेऊ नका' हे 'जुनीवर लिहा' असं बदललं. रिसेप्शनिस्ट शेजारी होती. ती काही पाहिलं नाही म्हणेल, तिला नोकरी टिकवायची आहे.

लाल ओळी गेल्या, भागीदार खूश होऊन गेले. पुढे एक किडनी काढलेल्या गृहस्थांच्या स्कॅनमध्ये दोन किडन्या दिसल्या, तेव्हा टेक्निशियनने मला बोलावलं. नाव प्रोग्रामच्या यादीतून बरोबर येत होतं, चित्र दुसऱ्याचं होतं. अशा चित्रांवरून रिपोर्टही गेले होते. सगळ्यांना बोलावून पुन्हा स्कॅन करा, असं मी दादांना सांगितलं. भागीदारीची सही होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही, असं उत्तर मिळालं. मग मी पेशंटचे फोन नंबर घेतले आणि एकेकाला फोन केला. याला चोरी म्हणायचं तर खुशाल म्हणा.

एक फोन मी केला नाही, तो वहिनीला. तिच्या छातीत गाठ लागली होती, म्हणून आपल्याच सेंटरमध्ये स्कॅन केला होता आणि काही नाही असा रिपोर्ट होता. तो रिपोर्टही दुसऱ्याच्या चित्रावरचा होता. दादांना विचारलं तर म्हणाले, "तिचं मी बघतो. तू मध्ये नाक खुपसू नकोस." ते सांगतील असं मी धरून चालले.

आठवड्याने वहिनीने मला जेवायला बोलावलं. वाढताना म्हणाली की आता सुटल्यासारखं वाटतंय, डॉक्टरांची पुढची वेळही रद्द करून टाकली. दादा समोर बसले होते. त्यांनी आमटी मागून घेतली. माझ्या सख्ख्या भावाची मला इतकी किळस कधी आली नव्हती. मी तिथेच सगळं सांगून टाकलं.

वहिनीने विचारलं, "यांना कधीपासून माहीत आहे?"

मी म्हटलं, "आठवडा झाला."

तिने पळी खाली ठेवली, चपला घातल्या आणि पुन्हा स्कॅन करायला माझ्याबरोबर दुसऱ्या मालकाच्या सेंटरवर आली. तक्रार त्यानंतरची आहे. तिचा खरा रिपोर्ट आला आहे. तो मी इथे लिहून देणार नाही. दादांनी अजून विचारलेला नाही.

हा मजकूर मला वाचून दाखवला. हवालदारांनी त्यात 'घरगुती गैरसमजातून' असे शब्द घातले होते, ते मी खोडायला लावले. बाकी सांगितलं तसंच उतरलं आहे, म्हणून खाली सही करते.