कवितेवरून बांधलेला अंदाज

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील पाहुणे, आमचे मुख्याध्यापक श्यामकांतराव, सहकारी, पालक आणि माझ्या मुलामुलींनो,

रुळाचा एक तुकडा चिंचेला टांगलेला असे. तीच आपली घंटा. तिचा ठणठणाट विरला, की पाचवीचा वर्ग एका सुरात कविता धरायचा. घाटकोपरात तेव्हा इतकी शांतता होती, की ती कविता पार रेल्वेच्या फाटकापर्यंत जाई. आज एवढे हार गळ्यात पडले, पण कानात आहे ती घंटाच.

आताच श्यामकांतरावांनी माझ्या ‘हवामान खात्या’चा गौरव केला. मॅट्रिकची परीक्षा संपली, की पालक मुलांना घेऊन माझ्या ओटीवर यायचे. कोणतं कॉलेज घेईल, सांगा. मी मुलाला एक कविता म्हणायला लावी आणि त्यावरून अंदाज बांधी. तो बहुधा खराही ठरे. पण मंडळी, मी ‘नाही’ म्हटल्यावर ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांच्याबाबतचा माझा अंदाज खोटा ठरणार तरी कसा? हा प्रश्न मला यंदा पडला. फार उशिरा.

स्टेशनाबाहेर सायकली भाड्याने देणारे आपले धाकू परब. एप्रिलात ते आपल्या लेकीला, रत्नप्रभेला, घेऊन आले. म्हणाले, “मास्तरांनू, माज्या चेडवाक फोर्टातल्या त्या मोठ्या कॉलेजात घेतीत काय?”

मुलीने कविता म्हटली ती थेट मालवणी हेलात. माझी आई म्हणायची तशी. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. आणि डोळे उघडल्यावर काय सांगितलं? “धाकू, तिथे हिचा निभाव लागायचा नाही.” तिथली सुटाबुटातली माणसं तिला हसतील, असं मला वाटलं. अजून कुणी हसलंही नव्हतं हो. त्यांच्या आधी मीच दार लावून घेतलं.

“तुमी म्हणतास तां खरां,” म्हणून धाकूंनी पोरीला पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीने कोकणात गावी धाडलं. लग्नाचंच बघू, म्हणाले.

मग निकाल लागला. रत्नप्रभा शाळेत पहिली. मी धावत सायकलींच्या दुकानात गेलो. धाकू पंक्चर काढत होते. मान वर न करता म्हणाले, “आता कशी येतली? आगबोटी बंद.” मी गावी तार केली. उत्तर नाही. उद्या त्या कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस. आज धाकूंची खुर्चीही रिकामी आहे, आणि तिच्याकडे बघतच मी हे सगळं बोलतो आहे.

तेव्हा हा सत्कार अर्धाच स्वीकारतो. आपण प्रेमाने जमलात, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. आणि ओटीवर जे बोललो, त्याची क्षमा...

दारात कोण ते? अहो, वाट द्या त्यांना. धाकू, ती ट्रंक आधी खाली ठेवा. पोरीला एस.टी.ने आणलंत? घाटातून, एवढ्या पावसात?

ये गं रत्नप्रभा, अशी पुढे ये. घाबरू नको, कविता म्हणायला नाही सांगत. मला एवढंच सांग, बाळ, उद्या सकाळी आपण किती वाजता निघायचं?